गुणाजीची खुंटी

"सर, तुमच्या दोन ओळींच्या मधून मी आत शिरले," असं मंजुळा म्हणाली तेव्हा रघुनाथ डब्याचं झाकण काढत होता. झाकण निघालं, पण आत कुठली भाजी आहे हे त्याने पाहिलं नाही. कोडमधल्या त्या दोन ओळी त्याच्या होत्या. गिरगावात एका जुन्या औषधाच्या दुकानाच्या डोक्यावर बसून ही मंडळी तिकिटं छापणाऱ्या आणि पावत्या फाडणाऱ्या यंत्रांसाठी एक छोटी ऑपरेटिंग सिस्टिम बनवत होती, आणि तिच्यातला फाइल उघडण्याचा भाग रघुनाथकडे होता. इतरांनी लिहिलेलं काहीही कुठल्याही मंगळवारी कोसळे. रघुनाथचा भाग कोसळत नसे, आणि एकट्या माणसाला आपल्या इस्त्रीचा असतो तेवढा बेताचा अभिमान त्याला या गोष्टीचा होता. "पहिल्या ओळीत तुम्ही विचारता, या नावाखाली लिंक आहे का," मंजुळा म्हणाली. "उत्तर येतं, नाही, साधी फाइल आहे. दुसऱ्या ओळीत तुम्ही त्याच नावाने ती उघडता. मी मधल्या फटीत फाइल उचलली आणि तिथे दुसऱ्या फाइलकडे नेणारी लिंक ठेवली. तुम्ही उघडलीत ती भलतीच फाइल. पासवर्डांची." रघुनाथने विचारलं, फट केवढी आहे. "पापणी लवेल तर तीही मोठी." "मग तू शिरलीस कशी?" "शिरत राहिले. बहुतेक वेळा हुकलं. एकदा जमलं, आणि एकदाच जमायला लागतं." मंजुळा वरळी कोळीवाड्यातली. घरातली पहिली इंजिनिअर, आणि ऑफिसात सगळ्यांत लहान असल्यामुळे तिला कुणाच्याही कोडमध्ये नाक खुपसायची मुभा होती. "बाजारात हेच चालतं, सर. गिऱ्हाईक कल्ले उघडून बघतं, लाल आहेत, मासा ताजा आहे. मग पाकीट काढायला वळतं. वळतं तेवढ्यात पापलेट बदलतं." "तुझी आई बदलते?" "आई नाही," मंजुळा म्हणाली. "बाजूची."

ती गेल्यावर रघुनाथ डब्याकडे पाहत राहिला. सिम्बॉलिक लिंक ही वस्तू त्याला पहिल्यापासून आवडे, आणि आवडे म्हणूनच तो तिच्यावर विश्वास ठेवत नसे. ती फाइल नसते. फाइल असावी त्या जागी ठेवलेला नुसता पत्ता असतो: ज्याला शोधताय तो इथे नाही, अमुक ठिकाणी जा. सिस्टिम भाबडी, ती जाते. तिथे आणखी एक पत्ता मिळाला तर तिथेही जाते. दोन पत्ते एकमेकांकडे बोट दाखवत बसले असतील तर ती फेऱ्या मारते आणि ठराविक फेऱ्यांनंतर हात टेकून तसं कळवते. आणि पत्त्यावर गेल्यावर तिथे कुणीच नसेल, तर निर्विकारपणे सांगते की अशी फाइल नाही. पत्ता मात्र जागच्या जागी असतो, धड, न फाटलेला, कुणीही पुन्हा विचारायला यावं म्हणून. नवीन मुलांना हे समजावताना रघुनाथला फळ्यावर बाण काढावे लागत. त्याला स्वतःला कुणी बाण काढून दाखवले नव्हते. तो लालबागला वाढला होता आणि गिरण्यांचा संप झाला तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होता.

संपाच्या त्या वर्षी गिरणगाव गावी जात होतं. गुणाजी, म्हणजे रघुनाथचे वडील, भाताच्या लावणीला म्हणून गेले. जाताना म्हणाले, घरात खाणारं एक तोंड कमी. हे ते विनोदाने म्हणाले असावेत, कारण त्यानंतर ते हसले होते. पण त्यांना हसताना फारसं कुणी पाहिलेलं नसल्यामुळे खात्रीने सांगता येत नव्हतं. लावणी झाली, कापणी झाली. गावाहून येणारा माणूस लालबागच्या खोलीत पाणी पिता पिता सांगे, "गुणाजी? तो मुंबैक गेलो मा, कधीचोच." मुंबईतली माणसं सांगत, "गुणाजी? तो गावाक आसा." गाव मुंबईकडे बोट दाखवी, मुंबई गावाकडे. रघुनाथने त्या वयातच मनातल्या मनात काही फेऱ्यांनंतर हात टेकले. त्याच्या आईने, सुभद्राने, टेकले नाहीत. ती शिवणकाम करून घर चालवी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावी आणि दाराला आतून कडी घालताना एकदा गॅलरीत डोकावून बघे. पुढे रघुनाथला नोकरी लागली आणि दोघं दादरला आली, शिवाजी पार्कापासून ज्याला जवळ म्हणता येतं पण चालत जायचं झाल्यास रिक्षा नाही म्हणून रडायला येतं, एवढ्या अंतरावर. लालबागच्या खोलीत आता एक बुटांचा व्यापारी माल ठेवत होता. सुभद्राने त्याला दोन गोष्टी देऊन ठेवल्या होत्या: दादरचा पत्ता आणि दिवाळीचा फराळ. दर दिवाळीला फराळ देताना ती पत्ता पुन्हा सांगे. रघुनाथचं लग्न राहून गेलं. घरात एक माणूस यायचं बाकी असताना दुसरं कसं आणायचं, असं काही तो म्हणत नसे, पण स्थळ घेऊन येणाऱ्यांना तो जी कारणं सांगे त्यांच्यापेक्षा हे बरं होतं.

फोन वाजला तेव्हा भाजी थंड झाली होती. "रघू, जेवलंस?" सुभद्रा मालवणीत बोले, तो कॉलेजातल्या मराठीत उत्तर देई. दोघांचं कधी अडलं नाही. "जेवतोय." "दगडूचो फोन इल्लो. खोली पाडतत." दगडू गावकीतला, त्यामुळे कुठली खोली हे विचारावं लागलं नाही. लालबागचं ते बिऱ्हाड; नुसतं खोली म्हटलं की जगात एकच होती, करी रोडची, गावकीची. तिथे एका गावचे बाप्ये एका खोलीत राहत, पाळीपाळीने झोपत, एकाची पथारी गरम असतानाच दुसरा तिच्यावर अंग टाकी. पथारी कुणाचीच नसे. खुंटी मात्र ज्याची त्याची असे. भिंतीला ओळीने लाकडी खुंट्या, आणि प्रत्येक खुंटीला माणसाचं नाव, कुठेही न लिहिता सगळ्यांना पाठ. लग्न करून माणूस बिऱ्हाड थाटायला बाहेर पडला की त्याची पथारी सुटे, खुंटी सुटत नसे. तो गावी असला आणि दुसऱ्या कुणी तिला शर्ट अडकवला, तर तो बदलीवर. गिरणीत गैरहजर माणसाच्या मागावर उभा राहतो तो बदली. दिवसभर माग चालवला म्हणून माग त्याचा होत नाही. माणूस वारला की त्याच्या घरचं कुणी येऊन खुंटीला नवा टॉवेल लावी. गावकीतला जो कुणी तो टॉवेल उतरवून घेई, त्याची ती खुंटी. याला, किंवा माणसाने स्वतः येऊन खुंटी सोडण्याला, खुंटी मोकळी होणं म्हणत. गुणाजीची खुंटी मोकळी झालेली नव्हती. ज्यांनी गुणाजीला पाहिलंही नाही अशी पोरं आज इतक्या वर्षांनी एकमेकांना सांगत, तुझो शर्ट गुणाजीच्या खुंटीक लाव. "दगडू म्हणता," सुभद्रा म्हणाली, "सगळ्यो खुंट्यो मोकळ्यो झाल्यो. एकच रवली. मोकळी केल्याबिगर भिंतीक हातोडो लावूचो नाय, असा पंचांनी ठरवल्यानी." "म्हणजे?" "म्हणजे काय. ऐतवारी टॉवेल घेवन बोलवल्यानी." मग ती म्हणाली, "घरात टॉवेल आसत धुतलेले. पण नवो लागता," आणि फोन ठेवला.

रघुनाथ मान्य करणाऱ्यांपैकी होता. आपला बाप या जगात नाही हे त्याने फार पूर्वी मान्य केलं होतं, अर्जावर सही करावी तसं, मजकूर न वाचता. पण टॉवेल लागला की सुभद्राच्या कपाळाचं कुंकू जाणार होतं. कुणी जबरदस्ती केली नसती. गावकी कुणाला जबरदस्ती करत नाही, ती नुसती बघते. टॉवेल लावून आलेली बाई घरी गेल्यावर काय करते हे सुभद्राला दुसऱ्या कुणी सांगायला नको होतं. तिने ते इतर बायकांच्या बाबतीत जवळ बसून पाहिलं होतं, बांगड्या फोडायला वाटी आणून दिली होती. संध्याकाळी ऑफिसातून उतरल्यावर तो गिरगावातल्या एका कापडाच्या दुकानात शिरला. दुकानदाराने विचारलं, "अंगाला की हाताला?" "खुंटीला," रघुनाथ म्हणाला. दुकानदाराने त्याच्याकडे बघून सगळ्यांत महागाचा काढला.

घरी येताना त्याला त्या बांगड्यांच्या वासाचा भास झाला, म्हणजे बांगडे माशांच्या. तेव्हा संपाचं पहिलं वर्ष सरत आलं होतं. सुभद्रा करी रोडला कुणाचा तरी ब्लाउज पोचवायला गेली असताना खालूनच तिला गावकीच्या खोलीचं उघडं दार दिसलं, आणि गुणाजीच्या खुंटीवर निळ्या पट्ट्यांचा शर्ट. तो शर्ट तिने स्वतः शिवला होता. ती वर गेली नाही. वर जाऊन बोलायचं काय? ती धावत बाजारात गेली, हातातले शिलाईचे पैसे देऊन बांगडे घेतले, घरी आली, तिरफळं घालून तिखलं केलं, रघूला म्हणाली, अभ्यास कर, मी येतंय, आणि डबा घेऊन परत गेली. शर्ट होता तिथेच होता. त्याच्याखाली पथारीवर दगडू झोपला होता, गुणाजींपेक्षा लहान, गिरणीत त्यांच्याच खात्यातला. दिवाळीला गिरणीच्या दुकानातून कामगारांना कापड मिळे, आणि संपाच्या आदल्या दिवाळीला सगळ्यांनी एकाच ताग्यातलं घेतलं होतं. निम्मं गिरणगाव निळ्या पट्ट्यांत हिंडत होतं. ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती, सुभद्राला तर शिवून शिवून पाठ होती, आणि तरी. तिने दगडूला उठवलं आणि डबा त्याच्यासमोर ठेवला. दगडूने, भुकेने म्हणा किंवा भीतीने, सगळे बांगडे खाल्ले. रघुनाथने ही हकीकत दगडूच्याच तोंडून पुष्कळदा ऐकली होती, आणि ऐकताना दर वेळी त्याला आईची, तिने न मागितलेली, कीव आली होती. बघितलं, वळली, परत आली, आणि मधल्या वेळात नावाखालचा माणूस बदलला. मंजुळाने आज जे शोधून काढलं त्याला इंग्रजीत भारदस्त नाव होतं. त्याच्या आईने त्याची किंमत बांगड्यांत मोजली होती. तेव्हापासून त्याने मनोमन तिला सिस्टिमच्या खात्यात टाकून दिलं होतं: भाबडी, पत्ता दिसला की जाणारी. आपण तसे नाही असं त्याला वाटे. आपण आधी तपासतो. तपासतो आणि मग उघडतो, आणि त्या दोन्हींच्या मध्ये, आता कळत होतं, वर्षानुवर्षं दार उघडं होतं.

रविवारी सकाळी दोघं टॅक्सीने करी रोडला गेली. सुभद्राने लग्नाला नेसावी तशी हिरवी साडी नेसली होती आणि कुंकू रोजच्याएवढंच होतं. टॅक्सीत ती बोलली नाही. एका नव्या टॉवरपाशी सिग्नल लागला तेव्हा मान वर करून मजले बघत म्हणाली, "हेंका आपलो मजलो सापडता कसो?" टॉवेल रघुनाथच्या ऑफिसच्या पिशवीत होता. चाळीच्या तळमजल्याची दारं-खिडक्या काढून नेलेल्या होत्या. जिन्यात विटांचे तुकडे पडले होते. वर गावकीच्या खोलीत दगडू एकटाच, आता म्हातारा, कानात कापसाचा बोळा. ट्रंका गेल्या होत्या. देव गेले होते, त्यांच्या जागी भिंतीवर देवांच्या मापाचे स्वच्छ चौकोन. खुंट्यांची ओळ बोडकी, आणि त्या बोडक्या ओळीत एका खुंटीवर एक पांढरा शर्ट. एका क्षणापुरतं, मंजुळाच्या फटीएवढ्या क्षणापुरतं, रघुनाथने शर्ट पाहिला आणि तो कुणाचा हे अजून विचारलं नव्हतं. मान्य केलेलं सगळं त्या फटीतून बाहेर पडलं. ते आलेत. नळावर गेलेत. तोंड धुऊन येतील आणि म्हणतील, रघू, केवढो झालस. त्याला तिथेच उभं राहायचं होतं, त्या क्षणाच्या आत, दुसरी ओळ न वाचता. "शिवाचो तो," दगडू म्हणाला. "वाचमन आसा टावरात. आंघोळीक गेलो हा. आजच्या दिसापर्यंत बदलीवर."

सुभद्राने विचारलंही नव्हतं. ती सरळ भिंतीपाशी गेली होती आणि तिने शर्टाची बाही हातात धरली होती. धरून मग ती बघत होती: कॉलर उलटवून, काखेत, कफाला. परक्याचा शर्ट परक्याचाच म्हणून, घाई न करता. रघुनाथ जवळ गेला. पांढऱ्या शर्टाचं दुसरं बटण हिरव्या दोऱ्याने लावलेलं होतं. काखेतली शिवणही हिरवी. घरी सुईच्या डबीत एकच रीळ असे, हिरवं, साडीच्या फॉलचं, आणि ते संपत आलं की तो दादरहून तसंच आणून देई. एवढ्या फॉलचं ही करते काय, असं त्याच्या एकदा मनात आलं होतं, पण हिशेबाच्या गोष्टी तो ऑफिसात करी. शनिवारी ती करी रोडच्या मारुतीला जाई. निदान तसं सांगून जाई, असं तो दगडूला म्हणाला. "अरे, मारुतीक पण जाय ती," दगडू म्हणाला. त्याने आपल्या शर्टाचं टोक उचलून दाखवलं. खालचं बटण हिरव्या दोऱ्याचं. "मीय होतंय ना ह्या खुंटीर, मधली वर्सा. हिच्यावर जो कोण आसता त्याचा बटान तुटलेला म्हणान रवत नाय. पोरां तर मुद्दाम तोडून लावीत." "गप रे," सुभद्रा म्हणाली, "दोरो काय फुकट येता?" रघुनाथला वाटलं होतं की ती शर्टाला गुणाजी समजते. ती पहिल्यांदाच एकदा तसं समजली होती आणि त्याची किंमत देऊन मोकळी झाली होती. त्यानंतर जो कोण हातात येईल त्याचं बटण तिने लावलं होतं.

"टॉवेल हाडलंस?" दगडूने शेवटी विचारलं. तो खाली बघत होता. रघुनाथने पिशवीतून टॉवेल काढला, घडीवरचा कागद काढला, कागदाचं काय करायचं ते न कळून खिशात घातला. आता आई जे सांगेल ते करायचं, एवढंच त्याने ठरवलं होतं, आणि ती टॉवेल लाव म्हणाली तर हात वर जाईल की नाही याची त्याला खात्री नव्हती. सुभद्राने टॉवेलचं टोक चिमटीत चोळून पाहिलं. "धुतल्यावर आटतलो," ती म्हणाली. मग शर्ट उतरवून तिने आपल्या हातावर घेतला. "रघू, खुंटी काढ." "काढू?" "काढ. हळू. फुटात." त्याने खुंटी दोन्ही हातांनी धरली. ती आधी हललीच नाही. मग वर्षांवर वर्षं चढलेला चुना तडकला आणि ती एकदम हातात आली, गुळगुळीत, मानेपाशी झिजलेली, त्याच्या अपेक्षेपेक्षा कितीतरी लांब. भिंतीच्या आतला भाग बाहेरच्या दुप्पट होता. भोकाच्या कडेला रंगांचे थर दिसले, पिवळा, निळा, पुन्हा पिवळा. सुभद्राने खुंटी घेऊन नव्या टॉवेलात गुंडाळली. "वैनी," दगडू म्हणाला, "टॉवेल खुंटीक लावचो आसता. खुंटी टॉवेलाक नाय." "माका म्हायत आसा." "पंचांक काय सांगू?" "सांग, नेली म्हणान." दगडूने भिंतीकडे पाहिलं, मग गुंडाळीकडे, मग पुन्हा भिंतीकडे. कायद्याचा बराच विचार करून तो म्हणाला, "भिंतीर खुंटीच नाय. म्हणजे मोकळी नाय झालेली खुंटी पण नाय. हातोडो मारूक हरकत दिसणा नाय."

शिवा नळावरून आला, ओला, पंचा गुंडाळलेला, आणि सवयीने हात वर करून थांबला, कारण तिथे काही नव्हतं. सुभद्राने शर्ट पुढे केला. "घाल. कॉलर विरली हा, परत्या शनवारी दादराक घेवन ये." मग तिने जिन्यातून विटेचा एक तुकडा उचलून आणला आणि रघुनाथच्या हातात दिला. "लिही. तुझा अक्षर बरा." "काय लिहू?" "पत्तो." "आये, भिंत उद्या पाडणार आहेत." "उद्या ना? आज रवली हा मा?" तिने नवऱ्याचं नाव आयुष्यात उच्चारलं नव्हतं, आताही उच्चारणार नव्हती. "आदी तुझ्या बापसाचा नाव लिही. नायतर दुसऱ्याच कोणाक वाटात." रघुनाथ, ज्याच्या भागातून कुठलीही लिंक न तपासता पुढे जात नसे, भोकाच्या खाली गुडघे वाकवून उभा राहिला आणि विटेने लिहू लागला. गुणाजी. मग बाण. मग दादर, गल्ली, बिल्डिंग, मजला. पांढऱ्या चुन्यावर अक्षरं लाल उमटली. वीट कुरकुरत होती आणि भुकटी त्याच्या कफावर पडत होती. लिहून झालं तरी त्याला हलवेना. थोडा विचार करून त्याने खाली बारीक अक्षरात लिहिलं, लिफ्ट बंद असल्यास जिना डावीकडे. सुभद्राने डोळे बारीक करून सगळं वाचलं, आणि मान हलवली. उतरताना ती मध्येच थांबून म्हणाली, "जिन्याचा बरा सुचला तुका. तेंका लिफ्टची भीती वाटता."

दादरच्या घरात दाराच्या मागे भिंतीला भोक पाडायला सुतार बोलवावा लागला. खुंटी एवढी आत कशाला घालायची, स्क्रूवर हूक मिळतात, असं तो म्हणाला, आणि सुभद्राने त्याला चहा देऊन गप्प केलं. त्या आठवड्यात रघुनाथने आपल्या दोन ओळी खोडल्या. नावाला काही विचारायचंच नाही. आधी दार उघडायचं, पण लिंक असेल तर उंबऱ्यावरच थांब अशी ताकीद देऊन. जे हातात येईल ते घट्ट धरायचं, आणि मग त्या हातातल्यालाच विचारायचं, तू कोण. धरलेलं कुणाला बदलता येत नाही. आणि लांबचा रस्ता असेल तर प्रत्येक वळणावर आधीचा कठडा न सोडता पुढचा धरायचा. साफसफाईच्या भागात मॅनेजरने सुचवलं होतं की ज्या लिंकांच्या पत्त्यावर कुणी नाही त्या आपोआप काढून टाकाव्यात. रघुनाथने तिथे लिहिलं, ठेवाव्यात, आणि कारणाची जागा रिकामी सोडली. मंजुळाने दिवसभर शिरायचा प्रयत्न केला. संध्याकाळी ती त्याच्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, "नाही बदलत, सर. पापलेट." ती जायला वळली आणि थांबली. "सर, तुमच्या निळ्या शर्टाला हिरव्या दोऱ्याने बटण लावलंय कुणीतरी." रघुनाथने मान खाली घालून पाहिलं. ते बटण कधी तुटलं होतं तेही त्याला आठवत नव्हतं. रात्री घाईत त्याने शर्ट दारामागे अडकवला होता, एवढंच.

"खुंटी माझी नाही," तो म्हणाला. "मी बदलीवर आहे."